नळी कुठून न्यायची? जुन्या जीपच्या ब्रेक आणि इंधनाच्या लाईन

जुनी जीप घेऊन ती नव्यानं उभी करायला निघालेला माणूस गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास विचारतो. "जुनी लाईन काढायची आणि तेवढ्याच मापाची नवी टाकायची. यात एवढा विचार कसला?"

प्रश्न रास्त आहे. पण जुनी लाईन आज जिथून गेलेली दिसते, ती जागा कारखान्यानंच ठरवली होती याची खात्री नसते. महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी इथं वर्षानुवर्षं बनत राहिली आणि १९८० च्या दशकात डिझेलची एमएम ५४० आली. या गाड्या शेतावर, जंगलात, घाटात, सरकारी खात्यांत राबल्या. वाटेत कुणी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं, कुणी सायलेन्सर दुसऱ्या बाजूनं काढला, तर कुणी पाटे वाढवून गाडी उंच केली. प्रत्येक वेळी लाईन जमेल तशी वळवली गेली. जुन्या लाईनची नक्कल केली की या सगळ्या तडजोडींचीही नक्कल होते.

म्हणून नळी कापण्याआधी गाडीत काय हलतं, काय तापतं आणि खालून मार कुठं बसतो हे पाहून घ्यायचं. मार्ग त्यावरून ठरतो. हे काम बॉडी उतरवलेली असताना, नुसती चासी समोर असताना करावं. रंगकाम झाल्यावर, बॉडी बसल्यावर खाली सरपटत जाऊन टाकलेली लाईन क्वचितच चांगल्या मार्गानं जाते.

किती दाब असतो?

दोन्ही लाईन दिसायला सारख्याच बारीक नळ्या असल्या, तरी त्यांच्यावर येणाऱ्या दाबात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ब्रेकपासून सुरुवात करू. समजा तुम्ही पेडलवर ३० किलोचा जोर दिलात. पेडल ही तरफ आहे. तिचं प्रमाण ६ ला १ धरलं, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १८० किलोचा जोर पडतो. दट्ट्याचा व्यास एक इंच असेल, तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ५ चौरस सेंटिमीटर भरतं. १८० ला ५ नं भागा. लाईनमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३६ किलो दाब तयार झाला. समोर अचानक गुरं आली आणि घाबरून ७० किलोचा जोर दिला, तर हाच आकडा ८० च्या पुढे जातो. गाडीच्या चाकात हवेचा दाब दोनच्या आसपास असतो, म्हणजे हा त्याच्या चाळीसपट झाला.

कार्बोरेटरच्या गाडीतला पेट्रोलपंप मात्र जेमतेम पाव ते तीस शतांश किलो दाब देतो. तिथं रबरी नळी आणि क्लिप चालून जाते. ब्रेकच्या लाईनला ती पद्धत कधीही लावायची नाही. फुटलेली ब्रेकलाईन मध्ये कापून वरून रबरी नळी आणि क्लिपा चढवलेल्या मी पाहिल्या आहेत. हळू चालवताना ब्रेक लागतो, आणि खरी गरज पडते तेव्हा ती नळी निसटते.

दुसरी समजून घेण्याची गोष्ट हवा. द्रव दाबला तरी जवळपास आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा आकसते. लाईनमध्ये ३ मिलिलिटर हवा राहिली आहे असं धरा, छोट्या चमच्याहूनही कमी. ३६ किलोच्या दाबाखाली ती जवळजवळ नाहीशी होते आणि तिची जागा भरायला दट्ट्याला सहा मिलिमीटर जादा सरकावं लागतं. पेडलपाशी तेच सहापट होऊन साडेतीन सेंटिमीटर होतं. चाकाला काहीही न मिळता पेडल एवढं खाली जातं. 'पेडल स्पंज लागतंय' असं मिस्त्री म्हणतात ते यामुळेच. मार्ग ठरवताना हे लक्षात ठेवायचं: ब्रेकची नळी मध्येच वर चढून पुन्हा खाली उतरली, की त्या उंचवट्यात हवा अडकते आणि ती काढता काढता घाम फुटतो.

नळी कशाची घ्यावी?

ब्रेकसाठी दुहेरी भिंतीची पोलादी नळी ही मूळ आणि भरवशाची वस्तू. पत्रा दोनदा गुंडाळून तांब्यानं झाळलेली ही नळी बहुतेक जीपना ३/१६ इंच जाडीची लागते. तिचा शत्रू गंज. कोकणातली खारी हवा आणि लाल चिखल तिला फार दिवस टिकू देत नाहीत. तिथली गाडी असेल, तर तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची नळी शोधावी. ती गंजत नाही, हातानं वळते आणि दाबही सोसते. महाग पडते, पण माझ्या मते बचत करण्याची ही जागा नाही.

एसी दुरुस्तीच्या दुकानात मिळणारं नुसतं तांबं मात्र ब्रेकला लावू नये. ते सहज वळतं, म्हणून मोह होतो. तांब्याला सतत हादरे बसले की ते कडक होत जातं आणि शेवटी नटाच्या तोंडाशी चीर पडते. आणि ती चीर पडण्याआधी कसलीही सूचना मिळत नाही.

इंधनासाठी साधी पोलादी नळी पुरते. इथं लक्ष रबरी तुकड्यांकडे द्यायचं. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, नंतर तडकतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे टाकी आणि पोलादी नळी आतून गंजते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालेल असं लिहिलेली नळीच घ्या आणि जुन्या स्टॉकमधली, कितीही नवी कोरी दिसली तरी, परत करा.

चासीवरून जाताना

जीपची चासी बहुतांश लांबीत उघड्या पन्हळीसारखी असते. नळी या पन्हळीच्या आतल्या बाजूनं, उभ्या भिंतीला लागून आणि मध्यापेक्षा वर न्यायची. खालच्या ओठावर चिखल साचतो, महिनोन्‌महिने ओला राहतो आणि नळी तिथंच पहिल्यांदा सडते. अगदी वरच्या कोपऱ्यातही दाबून बसवू नका, तिथं अडकलेली माती पाण्याच्या फवाऱ्यानंही निघत नाही.

आडव्या पट्ट्या लागतात तिथं नळी वरून किंवा भोकातून न्यायची, खालून कधीच नाही. खडकावर गाडी टेकली की सर्वात आधी आडव्या पट्टीचा तळ घासतो, आणि त्याच्याखालून नेलेली नळी चपटी होते. भोकातून नेताना भोकाला रबरी ग्रोमेट लावा. पत्र्याची कड आणि नळी यांच्यात रबर नसेल, तर घाटातल्या एका पावसाळ्यात कड नळीच्या भिंतीत शिरते.

क्लिप साधारण वीतभर किंवा थोड्या जास्त अंतरावर, रबर लावलेली. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून ठेवणं तात्पुरतं ठीक, पण कायमचं नको. उन्हानं त्या कडक होऊन तुटतात आणि मोकळी झालेली नळी दिवसभर थरथरत घासत राहते.

ब्रेकची आणि इंधनाची लाईन शक्य असेल तर चासीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्यावी. ते जमलं नाही, तरी स्टार्टरची जाड वायर इंधनाच्या लाईनला कधीही बांधू नका. त्या वायरला मध्ये फ्यूज नसतो. तिचं आवरण घासून चासीला किंवा नळीला टेकलं, की ठिणगी पडते आणि नळीला भोकही तिथंच पडतं. जुन्या गाड्यांना लागणाऱ्या आगीचं हे एक साधं, टाळता येणारं कारण आहे.

मार्ग कागदावर काढू नका. वेल्डिंगची मऊ सळई किंवा कपडे वाळत घालायची जाड तार घ्या आणि चासीवर प्रत्यक्ष धरून वळवत जा. प्रत्येक वळण जिथं हवं तिथं, गोलाई सोडून. मग तार काढून तिच्याशेजारी नवी नळी ठेवा आणि बेंडरनं तेच वळण द्या. हातानं गुडघ्यावर वळवलेली पोलादी नळी वळणाच्या पोटात चपटी होते. ती चेपलेली दिसली, की तो तुकडा बाजूला टाकून नवा घ्यायचा.

हलणाऱ्या भागापाशी

आता खरा कसोटीचा भाग. चासी स्थिर, ॲक्सल हलता. विलीज घराण्याच्या जीपमध्ये मागं आणि पुढं दोन्हीकडे अखंड ॲक्सल असतो, पाट्यांवर टांगलेला. त्यामुळे चासीवरून ॲक्सलवर उतरताना एक लवचिक रबरी होज मागं आणि एक पुढं लागतो. पुढच्या ॲक्सलवर चाकं वळतात, म्हणून तिथं ॲक्सलपासून प्रत्येक चाकाला आणखी एकेक होज. एकूण चार. चारही नवे घ्या. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजलेला असतो. पेडलचा मोठा जोर ऑईल पुढं ढकलतो, पण पेडल सोडल्यावर ते मागं परतत नाही आणि चाक धरून राहतं. ड्रम तापतोय म्हणून लायनर बदलत बसतात आणि दोष या वीतभर रबरात असतो.

होजची लांबी गाडी जमिनीवर उभी असताना मोजणं ही सर्रास होणारी चूक. चासीला जॅक लावा आणि चाकं मोकळी लोंबू द्या. आता ॲक्सल चासीपासून जास्तीत जास्त दूर आहे. होज ताणलेला वाटता कामा नये. मग एक चाक उचलून दुसरं लोंबतं ठेवा, खडकातून जाताना होतं तसं, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. दुसऱ्या कुणाला तरी फिरवायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन खाली बसा. होज टायरला घासतो का, पाट्याच्या यू-बोल्टला टेकतो का, शॉकॲब्जॉर्बरमध्ये सापडतो का, हे डोळ्यांनी पाहायचं. पाटे किंवा शॅकल बदलून गाडी उंच केली असेल, तर मूळ लांबीचा होज जवळजवळ नक्कीच तोकडा पडतो. होज लावताना एक पाना होजवर आणि दुसरा नटावर धरा, नाहीतर होजला पीळ बसतो आणि पीळ पडलेलं रबर वर्षभरात चिरतं.

ॲक्सलवरची पोलादी नळी वरच्या आणि मागच्या बाजूनं जावी. पुढून जाणाऱ्या नळीवर दगड आणि झाडाचे खुंट आदळतात. त्याच ॲक्सलवर हवेसाठी एक छोटा ब्रीदर असतो. खाली हात घातलाच आहे तर त्यालाही एक नळी जोडून ती वर बॉडीच्या उंचीपर्यंत न्या. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत खेचलं जातं. ब्रेकशी याचा संबंध नाही, पण ही नळी त्याच दिवशी, त्याच क्लिपांनी बसते.

जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर एकाच दट्ट्याचा आणि चासीवर पायाखाली असतो. चारपैकी एका चाकाकडची नळी फुटली, की चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दोन स्वतंत्र भागांची पद्धत सक्तीची झाली ती याच कारणानं. गाडी पूर्ण उघडलीच आहे, तर दोन दट्ट्यांचा मास्टर सिलिंडर बसवावा असं मी आग्रहानं सांगेन. मग पुढची आणि मागची लाईन सुरुवातीपासून वेगळी न्यावी लागते. जुना टी-जॉइंट हाताशी आहे म्हणून दोन्ही लाईन पुन्हा त्यात एकत्र आणल्या, तर सगळा खर्च वाया जातो.

नळीचं तोंड

ब्रेकच्या नळीचं टोक कर्ण्यासारखं उमलवून नटाखाली दाबतात. त्याला फ्लेअर म्हणतात. ब्रेकला दुहेरी फ्लेअर लागतो, म्हणजे कड आधी आत दुमडायची आणि मग उमलवायची. एकेरी फ्लेअर कमी दाबाच्या इंधनाला चालतो, ब्रेकच्या दाबाखाली तो चिरतो.

नळी करवतीनं नाही, गोल फिरणाऱ्या कटरनं कापा. आतली कड साफ करा, आणि फ्लेअर काढण्याआधी नट नळीवर चढवा. तयार फ्लेअर उजेडात धरून पाहा. तो नळीच्या मध्यावर हवा, एका बाजूला झुकलेला नको, आणि कडेला केसाएवढीही चीर नको. शंका आली तर कापून पुन्हा काढा. म्हणूनच नळी मुळात थोडी लांब ठेवायची असते.

आट्यांचा एक सापळा आहे. जुन्या जीपचे नट इंचाच्या मापाचे, ३/८ इंच व्यासाचे. नंतर बाजारात आलेले बरेच सुटे भाग १० मिलिमीटरच्या मापाचे. दोन्ही एकाच जाडीच्या नळीवर बसतात आणि हातात घेतले तर सारखेच दिसतात. इंचाचा नट १० मिलिमीटरच्या भोकात सैलसर जातो, आवळल्यासारखाही वाटतो आणि जोर आला की आटे सोडतो. नट बोटांनी फिरवत शेवटपर्यंत जायला हवा आणि तिथं जाऊन डुगडुगता कामा नये. डुगडुगला तर तो चुकीचा.

पेट्रोल आणि डिझेल

पेट्रोलच्या लाईनचा शत्रू उष्णता. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आतच उकळायला लागतात. पंप पेट्रोल ओढत असतो, म्हणून टाकीकडच्या नळीत दाब कमी असतो आणि तिथं ते आणखी लवकर उकळतं. मे महिन्यातली दुपार, घाटाचा चढ, दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणारी गाडी, आणि लाईन सायलेन्सरच्या कडेनं गेलेली. नळीत वाफ होते, पंपाच्या हाती द्रवाऐवजी वाफ लागते आणि इंजिन बंद पडतं. गार झाल्यावर पुन्हा चालू होतं, त्यामुळे दोष सापडत नाही आणि कार्बोरेटर विनाकारण चारदा उघडला जातो.

म्हणून सायलेन्सर ज्या बाजूनं जातो, त्याच्या विरुद्ध बाजूनं पेट्रोलची लाईन न्या. ओलांडावंच लागलं, तर काटकोनात ओलांडा, चार बोटांहून जास्त अंतर ठेवा आणि मध्ये पत्रा लावा. पत्रा नळीला चिकटलेला नको. दोन्हीकडे हवा खेळली पाहिजे.

डिझेलची तक्रार वेगळीच असते. "गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू होत नाही, पण खाली थेंबही सांडलेला नाही." शहाळ्याच्या नळीला मध्येच भोक पडलं, तर कितीही ओढलं तरी तोंडात पाणी कमी आणि हवाच जास्त येते, पण भोकातून पाणी बाहेर सांडत नाही. टाकी ते फीडपंप हा डिझेलचा मार्ग तसाच आहे. तिथं सैल क्लिप किंवा चिरलेलं रबर असलं, की गाडी 'हवा धरते'. त्यामुळे ओढण्याच्या बाजूला जोड जितके कमी तितकं बरं. टाकीपासून फिल्टरपर्यंत शक्यतो एकसंध पोलादी नळी, आणि दोन्ही टोकांना छोटे रबरी तुकडे. नेमका दोष शोधायचा असेल तर पंपाआधी काही वेळापुरता पारदर्शक नळीचा तुकडा लावा आणि इंजिन चालवा. बुडबुडे वाहताना दिसले, तर दोष त्याच्या मागं आहे.

पेट्रोल काढून डिझेल बसवलेल्या जीपमध्ये परतीची लाईन लागते. इंजेक्टरकडून उरलेलं डिझेल टाकीत परत जायला हवं. जुन्या टाकीला दुसरं तोंड नसतं, तेव्हा परतीची नळी ओढण्याच्या लाईनलाच जोडून मोकळे होतात. त्यानं गरम डिझेल आणि हवा पुन्हा पुन्हा पंपातच फिरते. टाकीला वरून नवं तोंड काढून घ्या. वेल्डिंग करण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून, धुऊन आणि वाफ काढून या कामातल्या जाणकाराकडेच द्यायची. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण स्फोट वाफेचा होतो.

हवा काढणं आणि शेवटची तपासणी

सगळ्या नळ्या जोडण्याआधी त्यांतून दाबाची हवा सोडून कापकामाचा भुगा काढा. ब्रेक ऑईल नवीन, सीलबंद डब्यातलं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाचं कोरडं ऑईल २०५ अंशांना उकळतं, तर पाणी शोषलेलं १४० च्या आसपास. घाटाच्या उतारावर तापलेल्या ड्रमपाशी हा फरक जिवावर बेततो. त्याच्या जागी इंजिन ऑईल किंवा डिझेल कधीही नको, आतली रबरं फुगून सिलिंडर जाम होतात. आणि ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंगाचा पापुद्रा उठतो.

हवा काढायला दोघं लागतात. सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्या उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत बहुधा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. खालचा माणूस सांगतो: "दाब... धर." मग चाकावरचं हवा काढायचं निपल उघडायचं, बुडबुडे बाटलीत येऊ द्यायचे, निपल बंद करायचं आणि मगच "सोड". निपल उघडं असताना पेडल सोडलं, तर बाहेरची हवा आत जाते आणि पहिल्यापासून सुरुवात. मध्ये मध्ये मास्टर सिलिंडरची पातळी पाहत राहा. तो रिकामा झाला तरीही सगळं काम पुन्हा.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण जोरानं दाबून मिनिटभर धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळती आहे, बाहेर किंवा मास्टर सिलिंडरच्या आत. प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. कागदावर डाग उमटला तर तो नट सोडून फ्लेअर पाहा, नुसता आवळत बसू नका. इंधनाच्या जोडांवरही हाच कागद फिरवा, इंजिन चालू असताना आणि बंद करून थोड्या वेळानंही. पहिली फेरी मोकळ्या मैदानात, बेताच्या वेगानं मारा, आणि परत आल्यावर गाडी पुन्हा जॅकवर घेऊन होज कुठं घासल्याचा काळा चट्टा दिसतो का ते पाहा. तसा चट्टा दिसला, तर क्लिपची जागा त्याच दिवशी बदला.